गावाकडे कपाशी अन् आपण पुण्यात: ड्रीपमधून खत सोडायची पूर्ण रीत

मी राहतो वाघोलीत, नोकरी खराडीत आणि कपाशी शेवगाव तालुक्यात. म्हणजे महिन्यातून दोन शनिवार पहाटे उठून नगर रोडला लागायचं, शिक्रापूरचा चौक गर्दी व्हायच्या आत पार करायचा आणि उन्हं वर यायच्या आत शेतात पोचायचं. बाकी सगळं आप्पांवर म्हणजे माझ्या चुलत्यांवर आणि फोनवर. माझ्यासारखे पुण्यात ढिगाने आहेत, सोसायटीतच चौघं सापडले, कुणाची जालन्याकडं कपाशी, कुणाची गेवराईकडं, आणि चौघांचाही प्रश्न तोच की ड्रीप तर बसवलं, आता खत त्यातून नेमकं सोडायचं कसं. प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसला म्हणून हे एकदाच लिहून टाकतोय. हिशोब सगळा एका एकराचा आहे, तुमच्या क्षेत्राप्रमाणे गुणून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ड्रीपमधून खत सोडायचा खरा फायदा महागड्या पिशवीत नाहीये, तो तुकडे पाडण्यात आहे. कपाशी पहिला महिना फार काही खात नाही, मुळंच तेवढी नसतात. पाते (फुलांच्या कळ्या) लागायला लागले की भूक वाढते, फुलं-बोंडाच्या काळात नुसती वखवखते, आणि शंभर दिवसांनंतर परत मंदावते. आपण काय करतो, पेरताना एक, महिन्याने एक आणि दोन महिन्यांनी एक अशी पोत्यानं खतं फेकतो, त्यातला युरिया जुलैच्या एका मोठ्या पावसात खाली निघून जातो आणि बोंडं भरायच्या वेळी झाड उपाशी. तेच खत बारा-चौदा हप्त्यांत मुळाशी पोचवलं की साधा युरियाही चांगलं काम करतो.

सगळ्यात आधी ड्रीप तपासा

बियाणं आणायच्या आधी मे महिन्यात एक दिवस नुसता ड्रीपसाठी ठेवा. पाणी जिथं कमीजास्त पडतं तिथं खतही कमीजास्तच पडणार, मग पट्ट्यापट्ट्यानं हिरवं-पिवळं रान दिसतं आणि आपण बियाण्याला शिव्या देतो.

तपासायची रीत सोपी आहे. औषधाबरोबर येतं तसलं मापाचं झाकण किंवा मिलिलिटरच्या रेघा असलेलं कुठलंही माप घ्या. ड्रीप पूर्ण प्रेशरवर आलं की एका ड्रीपरखाली तीन मिनिटं धरा. ड्रीपर ताशी २ लिटरचा असेल तर तीन मिनिटांत १०० मिलि पाणी पडायला पाहिजे, ४ लिटरचा असेल तर २००. सबमेनजवळची म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाजवळची नळी, मधली नळी आणि अगदी शेवटची नळी, आणि प्रत्येक नळीवर सुरुवात-मध्य-शेवट, असे नऊ ठिकाणी मोजा. सगळीकडे दहा टक्क्यांच्या आत फरक असला तर उत्तम. शेवटालाच कमी पडत असेल तर प्रेशर कमी आहे किंवा एका व्हॉल्व्हवर रान जास्त घेतलंय. मधेच कुठंतरी एखादाच कमी असेल तर ड्रीपर चोक झालाय.

आता स्वतःच्या रानाचा ताशी प्रवाह काढून ठेवा, पुढं लागणार आहे. माझ्याकडं पाच फुटावर नळी आहे, नळीत ४० सेंटिमीटरवर ड्रीपर, २ लिटरचे. एकराला साधारण २६५० मीटर नळी बसते, म्हणजे ६६०० च्या आसपास ड्रीपर, म्हणजे ताशी १३ हजार लिटर पाणी. तुमचे ड्रीपर ४ लिटरचे असतील तर हे दुप्पट होईल, मोटर तेवढं फेकते का ते बघा, नाहीतर एकराचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह करा.

व्हेंचुरी, म्हणजे ड्रममधलं खताचं पाणी ओढून लाईनमध्ये सोडणारं साधन, कुठं बसवलीय तेही बघा. मोटर, मग सँड फिल्टर, मग व्हेंचुरी, आणि त्याच्या पुढं स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर, हा क्रम. व्हेंचुरीनंतर फिल्टर नसेल तर खतातली घाण थेट ड्रीपरमध्ये जाते. आणि एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह मोटर आणि व्हेंचुरीच्या मधे हवाच हवा. यावर पुढं परत येतो कारण हा विषय नुसता खताचा नाहीये.

माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. आमच्या पट्ट्यात काळी चुनखडीची जमीन, तिथं स्फुरद (फॉस्फरस) टाकलं की चुना त्याला पकडून बसतो, झाडाला मिळतं थोडंच. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे स्टीलच्या तांब्याला पांढरे डाग पडत असतील, तर ड्रीपमध्येही तोच पांढरा थर बसणार हे धरून चाला.

कुठलं खत चालतं, कुठलं नाही

चालणारी (नावातले तीन आकडे म्हणजे शंभर किलोत नत्र, स्फुरद आणि पालाश किती किलो ते): युरिया. १२:६१:०० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. ००:५२:३४. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ००:००:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. पांढरा पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच पण स्वच्छ, त्यात ६० टक्के पालाश असतं. १९:१९:१९ पण चालतं, फक्त माझं स्पष्ट मत सांगतो, कपाशीला नत्र जास्त आणि स्फुरद कमी लागतं, तिन्ही सारखं देणाऱ्या पिशवीला एवढे पैसे घालायची गरज नाही.

न चालणारी: सिंगल सुपर फॉस्फेट, १०:२६:२६ वगैरे दाणेदार मिश्र खतं, डीएपी आणि लाल पोटॅश. लाल पोटॅशचा लाल रंग लोहाच्या गाळामुळं असतो, तो विरघळत नाही, फिल्टर आणि ड्रीपर दोन्ही भरतात.

डीएपीवर जरा थांबतो कारण तो गाढवपणा मी स्वतः केलाय. कुणीतरी सांगितलं की डीएपी रात्रभर भिजत घालायचं, सकाळी वरचं निवळलेलं पाणी साडीच्या कापडातून गाळायचं आणि सोडून द्यायचं, विद्राव्य खताचे पैसे वाचतात. पहिल्या वर्षी मी तेच केलं. दिसायला पाणी स्वच्छ होतं, तीन वेळा सोडलं, काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात शेवटच्या नळ्या कोरड्या. गाळ कापडातून अडतो पण डीएपी विरघळल्यावर पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो, आणि आमच्या जड पाण्यातला कॅल्शियम त्या स्फुरदाला भेटला की ड्रीपरच्या आतच पांढरं सिमेंट तयार होतं. १२:६१ आम्लधर्मी आहे म्हणून त्याचा हा त्रास खूप कमी. पैसे वाचवायचे असतील तर स्फुरदाचा मोठा भाग पेरणीच्या वेळी जमिनीतच द्या, तो मार्ग सरळ आहे.

नवीन कुठलंही खत आणलं की आधी ग्लासात बघा. आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं एक लिटर पाणी, त्यात तीन ग्रॅम खत, ढवळून दोन तास ठेवून द्या. दुधाळ झालं किंवा तळाला बसलं तर ते खत त्या पाण्यात ड्रीपमधून सोडायचं नाही. दोन खतं एकत्र करायची असतील तरी हाच ग्लास.

एकराचा हिशोब

बागायती बीटी कपाशीला हेक्टरी साधारण १२० ते १५० किलो नत्र आणि ६० ते ७५ किलो स्फुरद व तेवढंच पालाश, अशा शिफारशी आपल्याकडं चालतात. तुमच्या भागासाठी राहुरी, परभणी, अकोला यातलं जे कृषी विद्यापीठ असेल त्याचा आकडा आणि तुमचा माती रिपोर्ट दोन्ही समोर ठेवा. मी एकराला ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, २५ किलो पालाश धरतो. हे किलो अन्नद्रव्याचे आहेत, पोत्याचे नाहीत, इथंच निम्म्या लोकांचा घोळ होतो.

पेरणीच्या वेळी दोन गोणी सुपर फॉस्फेट, म्हणजे १०० किलो. त्यातून १६ किलो स्फुरद मिळालं आणि वर ११ किलो गंधक फुकटात. हे ओळीलगत मातीत पडलं पाहिजे, रानभर फेकलं तर चुना खाऊन टाकतो.

राहिलं ९ किलो स्फुरद. ते १२:६१ च्या १५ किलोतून येतं, त्यातच पावणेदोन किलोच्या आसपास नत्रही आलं.

पालाशाला ३४ किलो पांढरा पोटॅश, त्यातून साधारण साडेवीस किलो. उरलेलं साडेचार किलो शेवटी बोंडं भरताना १३:००:४५ च्या १० किलोतून, त्यात सव्वा किलो नत्र. जमीन खारवट असेल किंवा पाणी खारं असेल तर पांढऱ्या पोटॅशऐवजी ००:००:५० वापरा, क्लोराईड अजून वाढवू नका. फक्त ते विरघळायला फार हट्टी असतं, लिटरला शंभर ग्रॅमच्या वर जात नाही, त्यामुळं पाणी जास्त घ्यायचं.

आता नत्र उरलं ४७ किलो, त्याला युरिया १०२ किलो. ४५ किलोची गोणी असते, म्हणजे दोन गोण्या आणि वर १२ किलो. आपल्याकडं एकराला चार-पाच गोण्या युरिया फेकणारे मी पाहिलेत, आणि मग तुडतुडे-पांढरी माशी यांची तक्रार करणारेही तेच.

कधी किती

पेरणी १ जूनच्या आधी करू नका, गुलाबी बोंडअळीसाठी ते गरजेचं आहे, ड्रीप आहे म्हणून मे मध्येच टोकण्याचा मोह होतो, मलाही झालाय. दिवस पेरणीपासून मोजायचे आणि हप्ता आठवड्याला एक, एकराला असा:

२०, २७ आणि ३४ वा दिवस: दरवेळी युरिया ६ किलो, १२:६१ ३ किलो.

४१, ४८ आणि ५५ वा दिवस, म्हणजे पाते लागायचा काळ: युरिया १० किलो, १२:६१ २ किलो, पांढरा पोटॅश ३ किलो.

६२, ६९ आणि ७६ वा दिवस, फुलं आणि पहिल्या कैऱ्या (हिरवी कोवळी बोंडं): युरिया १० किलो, पांढरा पोटॅश ५ किलो.

८३ आणि ९० वा दिवस: युरिया ८ किलो, पोटॅश ३ किलो. ९७ व्या दिवशी युरिया ८ आणि पोटॅश ४.

१०४ आणि १११ वा दिवस: फक्त १३:००:४५, दरवेळी ५ किलो.

शंभरीनंतर युरिया बंद. एखाद्याला वाटतं झाड अजून हिरवं आहे, अजून थोडा दिला तर वरती अजून बोंडं धरतील. धरतात, पण ती नोव्हेंबर-डिसेंबरात उशिरा फुटतात, बोंडअळीच्या तोंडी जातात आणि वेचणी लांबते. हलक्या, मुरमाड रानात हे हप्ते आठवड्याऐवजी चार-पाच दिवसांनी अजून लहान करून दिले तर चांगलं, कारण तिथं पाणी आणि नत्र दोन्ही थांबत नाहीत. भारी काळ्या रानात आठवडा पुरतो.

तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. झाड कमरेच्या वर गेलं, पेरी लांब-लांब पडतायत, पानं गर्द हिरवी आणि लुसलुशीत, असं दिसलं तर युरियाचा एक हप्ता गाळून टाका. उलट खालची पानं पिवळी पडत असतील तर हप्ता वेळेवर जातोय का आणि त्या ओळीत ड्रीपर चालू आहेत का हे आधी बघा, मग वाढवायचा विचार करा.

पुण्यातून हे सांभाळायचं म्हणजे मी एक काम करतो, जूनमध्ये एका सुट्टीत बसून सगळे हप्ते वजन करून पिशव्यांत भरतो आणि वर मार्करनं तारीख टाकतो. आप्पांनी फक्त त्या तारखेची पिशवी उचलायची. एक मात्र ध्यानात ठेवा, युरिया आणि बाकीची खतं एका पिशवीत मिसळून ठेवायची नाहीत, पावसाळी हवेत चार दिवसांत पाणी सुटतं आणि चिखल होतो. तीन खतं तर तीन पिशव्या, तोंड घट्ट बांधून, तिन्ही एका मोठ्या पिशवीत. आणि ती पोटमाळ्यावर, जनावरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी. युरियाचं पाणी गाय-बैल प्यायले तर जनावर दगावतं, ड्रमही त्यांच्या वाटेत ठेवायचा नाही.

प्रत्यक्ष सोडायचा दिवस

ड्रममध्ये ६० लिटर पाणी घ्या. आधी पाणी, मग खत, उलटं नाही. आधी १२:६१ नीट विरघळवा, मग पोटॅश, शेवटी युरिया. युरिया पाण्यात पडला की पाणी बर्फासारखं गार पडतं आणि गार पाण्यात बाकीची खतं विरघळायला कुरकुर करतात, म्हणून तो शेवटी. काठीनं ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि वरून फडक्यानं गाळून दुसऱ्या ड्रममध्ये घ्यायचं. निंबोळी लावलेल्या युरियाची थोडी फेसाळ साय वर येते, घाबरायचं कारण नाही.

मोटर चालू करा आणि पहिली वीस मिनिटं नुसतं पाणी जाऊ द्या. शेवटच्या नळीच्या टोकाला प्रेशर आलं का बघा, टोक उघडून दोन नळ्यांतलं गढूळ पाणी काढून टाका.

मग व्हेंचुरी. मेन लाईनवरचा व्हॉल्व्ह हळूहळू दाबत न्यायचा म्हणजे पाणी व्हेंचुरीतून वळतं आणि ती ओढायला लागते. दोन्ही बाजूला प्रेशर गेज असतील तर साधारण पाव ते एक तृतीयांश फरक पडला की ओढ चांगली लागते. गेज नसेल तर ड्रममध्ये नळी बुडवून बघायचं. व्हॉल्व्ह फार दाबला तर पुढं ड्रीपला प्रेशर उरत नाही, नळीच्या शेवटाला खत पोचत नाही, म्हणून ओढ लागली की तिथंच थांबायचं. किती वेगानं ओढते ते एकदा मोजून ठेवा. दहा लिटर ओढायला चार मिनिटं लागली तर साठ लिटरला चोवीस मिनिटं. मला तेवढंच हवं असतं. माझ्या रानात पंचवीस मिनिटांत साधारण ५४०० लिटर पाणी जातं, त्यात १५ किलो खत, म्हणजे लिटरमागं पावणेतीन ग्रॅम, हे झाडाला सोसतं. पाच मिनिटांत सगळा ड्रम ओढून टाकला तर काही झाडांना तिखट डोस आणि काहींना नुसतं पाणी.

ओढत असताना ड्रमवर माणूस हवा. ड्रम रिकामा झाला आणि नळी उघडी राहिली की व्हेंचुरी हवा ओढते.

ड्रम संपला की मेन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि पुढं पंधरा-वीस मिनिटं परत साधं पाणी. हे पाणी नळ्यांतलं खत बाहेर काढायला असतं. कित्येक जण इथंच मोटर बंद करतात, नळीत खताचं पाणी साचून राहतं, आठवडाभरात शेवाळ धरतं आणि मग चोकअप. पण इकडची दुसरी चूकही सांगतो, खत सोडल्यावर चांगलं दोन तास पाणी चालवत बसणं. नत्र पाण्याबरोबर पळतं, तुम्ही त्याला मुळांच्या खाली ढकलून देता. तीन तास पाणी द्यायचं असेल तर खत तिसऱ्या तासात सुरू करा म्हणजे शेवटी फक्त नळ्या धुण्यापुरतं पाणी उरतं.

तुमच्या रानात नळ्या धुवायला नेमका किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर पाण्याचा क्षार मोजायचं टीडीएस पेन घ्या, घरच्या फिल्टरवाल्याकडं असतं तेच. शेवटच्या ड्रीपरखाली दर दोन मिनिटांनी मोजा, आकडा वर चढला म्हणजे खत पोचलं, परत मूळ आकड्यावर आला म्हणजे नळ्या धुतल्या गेल्या. फक्त हे पोटॅश सोडताना करा. नुसता युरिया सोडला तर पेन काहीच दाखवत नाही, कारण युरिया क्षार नाही, आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा तास वाट बघून व्हेंचुरी खराब आहे म्हणून ठरवून बसलो होतो.

पाऊस चालू असताना काय करायचं

कपाशीचं अर्धं आयुष्य पावसाळ्यात जातं आणि नेमका तेव्हाच ड्रीप गुंडाळून ठेवल्यासारखा पडून असतो. पहिल्या वर्षी मी आप्पांना जुलैत फोन केला, म्हणलं आज खताचा दिवस आहे, ड्रीप चालू करा. ते म्हणाले, "अरे आभाळ गळतंय अन् तू मला मोटर चालू करायला सांगतो, शेजारचे हसतील." बरोबरच होतं त्यांचं, पण झाडाची भूक काही पाऊस बघून थांबत नाही.

पावसाळ्यात ड्रीप पाण्यासाठी चालवायचं नाही, फक्त खत पोचवायला चालवायचं. पहिलं पाणी दहा मिनिटं, फक्त प्रेशर येईपर्यंत. खत पंधरा-वीस मिनिटांत. धुवायला दहा-पंधरा मिनिटं. पाऊण तासात सगळं आटोपतं, आणि माझ्या हिशोबानं एकूण अडीच मिलिमीटरपेक्षा थोडं कमी पाणी जातं, एका भुरभुरीएवढं. रानात वाफसा असताना हे करायचं. चिखल असेल, सरीत पाणी उभं असेल तर त्या दिवशी नाही, मुळं गुदमरलेली असतात, खत घेणार कोण? पाऊस उघडून दोन-तीन दिवस गेले की सोडा. मोठा पाऊस सांगितलेला असेल तर त्याच्या आदल्या दिवशीही नको. एक हप्ता हुकला तर पुढच्या दोन हप्त्यांत थोडा-थोडा वाटून टाका, एकदम दुप्पट नको.

एकत्र काय करायचं नाही

कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं कुठलंही खत एका ड्रममध्ये नाही, दूध फाटल्यासारखं होतं. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटवाली खतं, म्हणजे ००:००:५०, मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट, हेही एकत्र नाही, जिप्सम तयार होतं. मॅग्नेशियम सल्फेट १२:६१ बरोबरही नको. वेगळ्या दिवशी सोडायचं, कमीत कमी मधे साधं पाणी चालवून.

मॅग्नेशियमचं विशेष सांगतो. ऑक्टोबरात रात्री गार पडायला लागल्या की पानं लाल व्हायला लागतात, आपण लाल्या म्हणतो. त्याची कारणं बरीच असतात, मॅग्नेशियमची कमतरता, नत्र कमी पडणं, बोंडांचा भार, पाण्याचा ताण आणि थंडी. मी ४५ व्या आणि ७० व्या दिवसाच्या आसपास एकरी ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट स्वतंत्रपणे सोडतो. त्यानंतरही लाली दिसलीच तर एक टक्क्याची फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम. पान पूर्ण लाल झाल्यावर काही करून उपयोग नसतो, ते परत हिरवं होत नाही.

जस्त आणि लोह चुनखडी रानात कमी पडतं. साधं झिंक सल्फेट अशा जमिनीत ड्रीपमधून दिलं तरी लवकर अडकून पडतं, चिलेटेड असेल तर ड्रीपमधून जातं. पण मी हे आणि बोरॉन फवारणीतूनच देतो, मात्रा लहान असते आणि पानातून लवकर लागतं. बोरॉनचा हात फार जपून, जास्त झालं की विष.

जीवामृत किंवा शेणाची स्लरी ड्रीपमधून सोडायची हौस असेल तर दोनदा गाळून आणि रासायनिक खतापासून वेगळ्या दिवशी. सोडल्यावर फिल्टर त्याच दिवशी धुवायचा. एवढं करायचा कंटाळा असेल तर सरळ डबड्यानं झाडाच्या बुडाशी घाला.

लाईट गेली तर

शेतीची थ्रीफेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि मोटरवर ऑटो स्टार्टर. खत ओढत असताना लाईट गेली की पाइपातलं पाणी मागं विहिरीकडं धावतं आणि ड्रममधलं खत सोबत घेऊन जातं. एनआरव्ही नसेल किंवा त्याची झडप अडकलेली असेल तर ते थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये. त्याच विहिरीचं पाणी वस्तीवरची माणसं पितात, लहान पोरं पितात. मोटर बंद करून एनआरव्ही पाणी अडवतो का हे हंगामात दोनदा तरी तपासा आणि व्हेंचुरीच्या ओढ नळीलाही छोटा कॉक ठेवा. खत सोडायचं काम रात्रीच्या पाळीला ठेवू नका. ऑटो त्या दिवशी बंद, माणूस समोर.

लाईट खताच्या मधे गेली तर आधी ओढ नळीचा कॉक बंद. परत आली की आधी पाच मिनिटं साधं पाणी, मग उरलेला ड्रम.

साफसफाई

फिल्टर दर खताच्या दिवशी धुवायचा, खत सोडायच्या आधी आणि नंतर. नळ्यांची टोकं पंधरा दिवसांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायची, एका वेळी पाच-सहाच नळ्या, नाहीतर प्रेशर पडतं आणि गाळ निघत नाही.

नळीत पांढरा थर दिसला तर ॲसिड, हिरवं-काळं शेवाळ दिसलं तर क्लोरीन. ॲसिडसाठी शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास यायला हवा, पीएच पेपरच्या पट्टीनं बघायचं. बादलीभर पाण्यात थोडं-थोडं ॲसिड टाकून किती लागतं ते आधी काढा आणि प्रवाहाच्या हिशोबानं गुणा. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, अंगावर उडतं. हातमोजे आणि चष्मा घालून. व्हेंचुरीतून सोडून ते नळ्यांत रात्रभर ठेवायचं आणि सकाळी टोकं उघडून भरपूर पाण्यानं धुवायचं. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर रात्रभर भिजवून वरचं निवळलेलं पाणी तसंच सोडायचं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, दोन्ही एकाच दिवशी सुद्धा करू नका, मधे चार दिवस जाऊ द्या. आणि ब्लीचिंग खताबरोबरही नाही.

शेवटचा ॲसिडचा हात मी वेचणी संपल्यावर देतो. फरदड (वेचणीनंतर तीच झाडं ठेवून परत पीक) घेत नाही, डिसेंबर संपायच्या आत रान मोकळं करतो, आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) काढायच्या आधी नळ्या उचलतो. उचलताना टोकं उघडी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मोठ्या गोलात गुंडाळायचं आणि छपराला टांगायचं. खाली ठेवल्या तर उंदीर, आणि उंदरानं कुरतडलेल्या नळीला जोड मारत बसायला पुढच्या मे महिन्यात वाघोलीहून मलाच जावं लागतं.